जुन्या वाफेच्या नौका गेल्या, धूळ मागे राहिली

युद्धनौका म्हटली की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे तोफा, क्षेपणास्त्रे आणि शुभ्र गणवेशातील अधिकारी उभे राहतात. तिच्या पोटातील बॉयलरखोली व इंजिनघर सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि तेथे घामाने निथळत उभ्या असलेल्या तंत्रज्ञाचे नाव नौदल दिनाच्या भाषणांतही क्वचितच येते. या तंत्रज्ञांच्या फुप्फुसांत गेलेल्या धुळीचा विचार येथे करावयाचा आहे. विषय समुद्रावरचा असला तरी औंधसारख्या, समुद्रापासून कितीतरी कोस दूर असलेल्या गावाने तो मनावर घ्यावा, असे मला वाटते. त्याचे कारण आपल्या भागाच्या अर्थव्यवहारातच आहे.

खटाव आणि माण हे तालुके पर्जन्यछायेतले. ज्वारी-बाजरीवर घर चालत नाही म्हणून येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आला. कोणी मुंबईच्या गिरणीत गेला, कोणी गोदीत, कोणी पलटणीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला ‘मिलिटरी’ हे उपपद चिकटले ते उगाच नव्हे. आणि देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. पलटणीच्या मानाने नौदलात जाणारे थोडे. पण नौदलाच्या यंत्रविभागातील तंत्रज्ञ जेथे घडतात ते ‘आयएनएस शिवाजी’ हे केंद्र १९४५ पासून लोणावळ्यास, म्हणजे आपल्या दारातच आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर श्रम ही आपली निर्यात. पूर्वीची मनीऑर्डर आणि आताची पेन्शन ही तिची परतफेड. मात्र श्रमाबरोबर शरीरही जात असते. ते परत येते तेव्हा त्यात काय साठले आहे, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते जळत नाही, उष्णता अडवते, कापडासारखे विणता येते, सिमेंटमध्ये मिसळता येते, आणि स्वस्तही पडते. वाफेवर चालणाऱ्या जहाजात याहून सोयीचा पदार्थ शोधून सापडला नसता. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी वाफ कित्येकशे अंश तापमानाची. तिच्या नळ्या उघड्या ठेवल्या तर वाफेचे पाणी होणार, माणसे भाजणार आणि आग लागण्याचे भय राहणार. म्हणून नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉसचे जाड वेष्टन. त्यालाच गोदीत ‘लॅगिंग’ म्हणतात. झडपांच्या दांड्यांभोवती ॲस्बेस्टॉसच्या दोरीचे पॅकिंग, दोन जोडांमध्ये ॲस्बेस्टॉसचे गॅस्केट, तापलेल्या भागांवर ॲस्बेस्टॉसची गादी. वेष्टन शाबूत असते तोवर त्यापासून फारसा उपद्रव नाही. पण युद्धनौकेत ते शाबूत राहत नाही. इंजिनाच्या थरथरीने ते भेगाळते, गळती दुरुस्त करताना फोडावे लागते, आणि रिफिटसाठी नौका गोदीत आली की ते खरवडून काढून नवे चढवावे लागते. हे सारे घडते पोलादी भिंतींच्या, खिडकी नसलेल्या, कोंदट जागेत. वाळलेले वेष्टन फोडताना उडणारा भुगा डोळ्यांना दिसतो. घातक असतात ते न दिसणारे, केसाहून कितीतरी बारीक तंतू. श्वासावाटे ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथेच राहतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. त्यांच्याभोवती वर्षानुवर्षे व्रण धरत जातो, फुप्फुस ताठर होते, चार पायऱ्या चढताना दम लागू लागतो. हा ॲस्बेस्टोसिस. याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा ‘मेसोथेलिओमा’ नावाचा कर्करोग. यातील शेवटचा बव्हंशी ॲस्बेस्टॉसमुळेच होतो, आणि निदानानंतर रुग्ण बहुधा वर्ष-दीड वर्षापलीकडे जगत नाही.

यातील खरी मेख काळाची आहे. आज धूळ घ्यावी आणि रोग वीस, तीस, प्रसंगी चाळीस वर्षांनी प्रकट व्हावा, असा हा प्रकार. या विलंबाने भल्याभल्यांना कसे चकवले याचे एक उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने युद्धनौकांचा कारखानाच उघडला होता. तेव्हा गोदीत नळ्यांना वेष्टन चढवणाऱ्या १०७४ कामगारांची तपासणी झाली व तिचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत ॲस्बेस्टोसिसचे अवघे तीन रुग्ण आढळले. तेव्हा हा धंदा धोकादायक नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. पण या कामगारांपैकी सुमारे ९५ टक्के लोक दहा वर्षांहून कमी काळ या कामावर होते, आणि जे तीन रुग्ण निघाले ते तिघेही वीस वर्षांहून अधिक काळ काम केलेले होते. जून महिन्यात शेतात जाऊन कणीस दिसत नाही म्हणून पेरणी वाया गेली असे ठरवावे, त्यातलाच हा न्याय. आमच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवताना चुकीच्या नमुना-निवडीची पुस्तकी उदाहरणे आम्ही देतो. हे उदाहरण द्यावयास हवे. त्या एका निष्कर्षाच्या आधारावर पुढे दोन दशके गोद्यांतील व्यवहार पूर्ववत चालू राहिला.

आणि तेव्हाही अज्ञान होते असे म्हणता येत नाही. इंग्लंडमधील रॉशडेल येथील नेली कर्शॉ या कामगार स्त्रीचा मृत्यू ॲस्बेस्टॉसच्या धुळीने झाल्याचे डॉ. कुक यांनी १९२४ मध्ये नोंदवले होते. मेरिवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल १९३० चा, आणि ब्रिटनचे ॲस्बेस्टॉस उद्योगासंबंधीचे पहिले नियम १९३१ चे. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर यांनी मेसोथेलिओमाचा संबंध १९६० मध्ये दाखवला. न्यूयॉर्कच्या सेलिकॉफ यांनी वेष्टन-कामगारांतील मृत्यूंचा हिशेब १९६४ मध्ये मांडला. लंडनच्या १९६५ च्या पाहणीत तर कामगारांचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियाही या रोगाच्या बळी ठरल्याचे दिसले. डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीतील डॉ. हॅरिस यांनी १९६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ वेष्टन चढवणारे कामगारच नव्हेत, तर त्यांच्या शेजारी उभे राहून दुसरेच काम करणारे कारागीरही यातून सुटत नाहीत, हे त्यांतून स्पष्ट झाले.

आता आपल्या नौदलाकडे वळू. स्वातंत्र्यानंतर आपण जे नौदल उभे केले त्याचा सांगाडा ब्रिटिश होता. ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ या क्रूझर ब्रिटिश बनावटीच्या; १९६१ मध्ये दाखल झालेली ‘विक्रांत’ ही १९४५ मध्ये जलावतरण झालेली ‘हर्क्युलिस’; १९८७ मध्ये आलेली ‘विराट’ ही १९५९ ची ‘हर्मिस’. स्वदेशी बांधणीचा अभिमान असलेली ‘नीलगिरी’ माझगाव गोदीने ३ जून १९७२ रोजी नौदलास दिली, तीही ब्रिटिश लिअँडर आराखड्याची. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि १९८१ मध्ये विंध्यगिरी आली. या साऱ्या वाफेच्या नौका, आणि वाफेच्या नौकेत उष्णतारोधक म्हणजे ॲस्बेस्टॉस हे त्या काळातील जगभरचे समीकरण. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. आगीपासून नौका वाचवणे हे नौदलाचे कर्तव्यच होते, आणि ज्या देशाजवळ परकीय चलन नव्हते त्याने हाती आले ते जहाज घेतले. त्या जहाजांनी १९७१ मध्ये काय केले हे सांगण्याची गरज नाही. लिअँडर आराखड्याच्या या सहा नौकांपैकी शेवटची ‘तारागिरी’ २०१३ मध्ये निवृत्त झाली. विशेष म्हणजे ही नावे पुन्हा वापरात आली आहेत. नवी ‘नीलगिरी’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. नौदलात नौकेचे नाव मरत नाही. जुन्या ‘नीलगिरी’च्या बॉयलरखोलीत उतरलेला १८ वर्षांचा पोरगा मात्र आज सत्तरी ओलांडून गावच्या पारावर बसलेला आहे.

अर्थशास्त्रज्ञ अशा किंमतीला ‘सामाजिक व्यय’ म्हणतात. पिगू यांनी १९२० मध्ये आणि काप यांनी १९५० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिले. कारखान्याच्या वहीत जो खर्च पडत नाही तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या वहीत पडतो, एवढेच. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत तो केवळ दुसऱ्या माणसावर नव्हे तर दुसऱ्या काळावर ढकलला जातो, आणि येथे हिशेबाची एक प्रतिष्ठित रीत त्याला साथ देते. पुढे पडणारा खर्च आजच्या किंमतीत मोजताना व्याजदराने त्याला कात्री लावावी, असा सर्व प्रकल्पांचा नियम. दहा टक्के दराने ३५ वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानीचे आजचे मूल्य भरते अवघे साडेतीन रुपये. सावकाराचे व्याज कर्ज फुगवते. हे उलटे व्याज माणसाचे दुखणे आटवते. साडेतीन रुपयांसाठी कोणता खरेदी-अधिकारी महागडे पर्यायी वेष्टन मागवील? हा तरुण पस्तीस वर्षांनी धापा टाकू लागतो तेव्हा मात्र शंभरच्या शंभर रुपये वसूल होतात. ते त्याच्या घरातून.

मग कायदा काय करतो? सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर दिलेला निकाल या विषयातील मैलाचा दगड आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग होय, असे न्यायालयाने म्हटले. ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे नंतर येईल तोपर्यंत, जपावी असा आदेश दिला. बाधितांना एक लाख रुपये भरपाई ठरवली. न्यायालयाला काळाचे गणित उमगले होते, हे या आकड्यांवरून दिसते. परंतु हा निकाल खाणी व कारखान्यांतील कामगारांपुरता होता. (ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली; ब्रिटनने १९९९ मध्ये घातलेली बंदी आपल्याकडे नाही आणि पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे आजही घरांवर चढत आहेत. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

नौसैनिक या चौकटीबाहेर राहतो, आणि एकदाच नव्हे. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात ॲस्बेस्टॉसचे विकार व्यावसायिक रोगांच्या यादीत होते. पण सशस्त्र दलांचा सदस्य त्या कायद्याच्या व्याख्येतून वगळलेला होता. त्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिनेही त्याला वगळलेच. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांत नवा ॲस्बेस्टॉस बसवण्यास २००२ पासून बहुतांशी आणि २०११ पासून पूर्णपणे मनाई केली. तो करार युद्धनौकांना लागू नाही. जहाजे मोडण्यासंबंधीचा आपला २०१९ चा कायदा आणि २६ जून २०२५ पासून अमलात आलेला हाँगकाँग करार, या दोहोंतही युद्धनौका वगळून. ‘वगळून’ हा एक शब्द या प्रकरणात किती ठिकाणी भेटतो हे पाहिले की मन विषण्ण होते. फ्रान्सची ‘क्लेमांसो’ ही युद्धनौका अलंगला मोडण्यासाठी निघाली तेव्हा तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत गदारोळ झाला, प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात आले, आणि १५ फेब्रुवारी २००६ रोजी अध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. पुढे २०१४ मध्ये आपली ‘विक्रांत’ मुंबईच्या दारूखान्यात मोडली गेली. त्या वेळी महाराष्ट्रात चर्चा झाली ती स्मारकाची. तिच्या पोलादापासून मोटारसायकली निघाल्या व त्या हौसेने विकल्याही गेल्या. तिच्या बॉयलरांची वेष्टने कोणी, कोणत्या मुखवट्यांनिशी सोडवली, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

सैनिकाला भरपाईच्या कायद्याऐवजी अपंगत्वाची पेन्शन असते आणि ती पुष्कळदा अधिक उदार असते, हे मान्य केले पाहिजे. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असेही स्पष्ट केले की भरतीच्या वेळी निरोगी नोंदलेल्या सैनिकाला पुढे विकार जडला तर तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरावे. सिद्धतेचा भार सैनिकावर टाकू नये. हा निकाल मोलाचा खरा. पण तो मुख्यतः सेवेत असताना प्रकट झालेल्या विकाराला उपयोगी पडतो. निवृत्तीनंतर उद्भवणाऱ्या रोगासाठी १९८२ व २००८ च्या नियमांनी दार उघडे ठेवले ते फार तर पहिल्या दहा वर्षांपुरते. आता हिशेब करून पाहावा. १८ व्या वर्षी १९७५ मध्ये भरती झालेला तरुण पंधरा वर्षांची सेवा करून १९९० मध्ये घरी आला. नियमांचे दार २०००च्या आत मिटले. चाळीस वर्षांच्या विलंबाने रोग उघड होतो २०१५ मध्ये, त्याच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. न्यायालयाचा १९९५ चा दंडक त्याला लागू असता तर निदान त्याची आरोग्यनोंद त्या वर्षापर्यंत जपलेली सापडली असती.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९४७ च्या एका कायद्यान्वये तेथील सैनिकाला सरकारवर दावा लावता येत नसे. १९८७ मध्ये ही अडचण दूर झाली, पण मागील काळासाठी नव्हे. त्यामुळे १९६० च्या दशकात इंजिनघरात राबलेला नौसैनिक मेसोथेलिओमाने आजारी पडला तर त्याला साप्ताहिक पेन्शन मिळे. आणि ती घेण्यासाठी तो जगतच नसे. त्याच रोगाने ग्रासलेल्या नागरी गोदी-कामगाराला मात्र मोठी रक्कम एकरकमी मिळे. माजी सैनिकांच्या संघटनांनी हा अन्याय वेशीवर टांगला. डिसेंबर २०१५ मध्ये सरकार नमले आणि एप्रिल २०१६ पासून अशा प्रत्येक रुग्णाला १,४०,००० पौंड एकरकमी घेण्याचा पर्याय मिळाला. थोड्या दिवसांच्या सोबत्याला हप्त्याने पैसे देणे ही क्रूर थट्टा आहे, एवढे त्यांना कळले.

आपल्याकडे मात्र त्याआधीची पायरीच निसरडी आहे. खेड्यातील साठी-सत्तरीचा माणूस खोकत दवाखान्यात गेला की पहिला संशय क्षयाचा येतो. आपल्या देशात तो अवाजवीही नाही. डॉक्टर विडी ओढता का, असे विचारतात. पूर्वी काम काय करीत होता, हे सहसा विचारले जात नाही. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा असे १७०० मध्येच बजावून ठेवले आहे. विडीचा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि अपुरे उत्तर येथे घातक ठरते. सेलिकॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, धूम्रपानाने सुमारे दहापट, आणि दोन्ही एकत्र आले तर पन्नासपट होतो. येथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. म्हणजे ज्याच्या खिशात विडी सापडली त्याच्या बाबतीत तर बॉयलरखोलीची चौकशी अधिकच कसून व्हावयास हवी. प्रत्यक्षात विडी सापडताच चौकशी थांबते.

यावर उपाय फार खर्चाचे आहेत असे नाही. नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या कार्यालयात असतात. कोण कोणत्या नौकेवर, कोणत्या शाखेत, किती वर्षे होता हे त्यांत असतेच. वाफेच्या नौकांच्या यंत्रविभागात काम केलेल्यांची वेगळी यादी त्यांवरून करणे हे काही महिन्यांचे कारकुनी काम आहे, आणि तीत गोदीतील मुलकी कामगारांचाही समावेश व्हावा. यात गुपित असे काही नाही. मोडीत निघालेल्या जहाजाची बॉयलरखोली शत्रूला कळली तर बिघडले कुठे? या यादीतील माणसाला ॲस्बेस्टॉसचा विकार जडला तर तो सेवेतूनच आला असे नियमानेच मानावे, आणि त्यासाठी वर्षांची मुदत ठेवू नये. माजी सैनिकांसाठी २००३ पासून चालू असलेल्या अंशदायी आरोग्य योजनेत त्यांच्या छातीची ठराविक काळाने तपासणी व्हावी. पैशाचा प्रश्न काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ही संख्या मर्यादित आहे.

दावा लावण्याची वाटही जवळची हवी. सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ पासून काम करीत आहे. पण त्याचे मुंबईचे खंडपीठ धाप लागणाऱ्या माणसाला लांब पडते. औंधच्या ७२ गावांच्या संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये जी राज्यघटना दिली, तिच्यात न्याय गावापर्यंत नेला होता. रयतेने राजधानीचे हेलपाटे घालावेत हे त्यांना मान्य नव्हते. आज तेवढे नाही तरी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने असे अर्ज स्वीकारून पुढे पाठवण्याची व्यवस्था करावी.

तोवर शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या वाचकांना करता येण्यासारखे एक काम आहे. आपल्या गावात, आपल्या घरात नौदलाच्या यंत्रविभागातून किंवा गोदीतून निवृत्त झालेले कोणी असतील, तर त्यांच्याजवळ बसून ज्या ज्या नौकांवर वा गोदीत काम केले त्यांची नावे, वर्षे आणि कामाचे स्वरूप एका कागदावर लिहून घ्यावे. वेष्टन फोडण्याचे काम केले होते का, रिफिटच्या वेळी गोदीत होता का, पॅकिंग हाताने कापावे लागे का, हेही विचारावे. सोबतच्या दोघा-तिघांची नावे आठवत असतील तर तीही टिपावी. पुढे कधी छातीच्या तपासणीचा प्रसंग आला तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा आणि त्यातील व्यवसायाची नोंद रुग्णपत्रावर करावयास सांगावी. डॉक्टरांनी टाळाटाळ केली तर पुन्हा सांगावे.